आळ आंब्यावर, कौतुक गुलमोहराचं

कोल्हापूरच्या नागाळा पार्कातल्या एका वाचक ताईंच्या पत्राचा गोषवारा असा. घर सासऱ्यांनी बांधलेलं, बैठं. मागच्या अंगणात पायरी आंबा आहे. सासूबाई सांगतात, त्या लग्न होऊन आल्या त्या वर्षी तो लावला. म्हणजे झाड सत्तरीचं झालं. छातीच्या उंचीला घेर साडेआठ फूट. पुढे फाटकाशी पंचेचाळीसेक वर्षांचा गुलमोहर आहे, घेर सहा फूट. २०१९ च्या महापुरात अंगणात पाणी आणि गाळ आला, २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. त्यानंतर मागच्या अंगणात फूटभर मुरूम भरून, धुम्मस करून, अगदी बुंध्याला भिडवून पेव्हिंग ब्लॉक बसवले. गेली दोन-तीन वर्षं आंबे जेमतेम लागतात, शेंडे वाळतात, वर वेगळ्याच पानांचे झुबके दिसतात आणि बुंध्यात एक ढोली आहे. यंदाच्या वळवात एक फांदी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडली. शेजारी म्हणतात, झाड काढा. मुलाला तिथं गाडी लावायची आहे. वखारवाला लाकडाच्या बदल्यात फुकट तोडून न्यायला तयार आहे, तर दुसरा एक जण ‘निम्मा शेंडा मारून हलकं करतो’ म्हणतो. सासूबाईंचं म्हणणं, मी आहे तोवर हात लावायचा नाही. गुलमोहराबद्दल मात्र ताई लिहितात, ‘तो छान आहे, यंदा नुसता लाल झालाय. पावसाळ्यात बुंध्याला तपकिरी छत्र्या येतात, त्या आम्ही पाडून टाकतो. गेल्या वर्षी अडीच फुटांवर गटार बांधताना रस्त्याकडच्या मुळ्या तोडल्या, तरी त्याला काही झालं नाही.’ प्रश्न असा की, म्हाताऱ्या झाडाचं करायचं काय?

ताई,

तुमच्या पत्रात आंब्याला अडीच पानं आणि गुलमोहराला तीन ओळी आहेत. उत्तर उलट्या क्रमानं द्यावं लागेल, कारण या पावसाळ्यात तुमच्या आवारातलं कुठलं झाड कुणाच्या अंगावर पडण्याची भीती असेल, तर ते फाटकाजवळचं आहे.

त्या छत्र्या म्हणजे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची फळं. कडक, कानाच्या आकाराच्या, वरून लाखेसारख्या चकचकीत तांबूस आणि खालून पांढरट असतील तर बहुधा गॅनोडर्मा. गुलमोहरावर ही बुरशी नेहमी आढळते. ती मुळांत आणि बुंध्याच्या तळाशी शिरून आतलं लाकूड भुसभुशीत करते, पण पाणी वर नेणारा बाहेरचा थर बराच काळ शाबूत राहतो. म्हणून झाड हिरवं राहतं, फुलतं, आणि एखाद्या दुपारी फारसा वारा नसतानाही मुळासकट आडवं होतं. छत्री पाडल्यानं बुरशी जात नाही. फक्त तिचा पुरावा जातो. यंदा छत्र्या पाडू नका, फोटो काढून ठेवा.

त्यात गटाराची खोदाई झाली. सहा फूट घेर म्हणजे व्यास साधारण २३ इंच. बुंध्यापासून व्यासाच्या तिप्पट अंतरापर्यंत, म्हणजे इथं पावणेसहा फुटांपर्यंत, ज्या जाड मुळ्या असतात त्या पाणी पिण्याच्या कमी आणि झाड उभं धरण्याच्या जास्त कामाच्या. गटार अडीच फुटांवर आहे. म्हणजे तंबूचे एका बाजूचे दोर कापले गेले. रस्त्याकडून जोराचा वारा आला तर धरायला त्या बाजूला काही उरलेलं नाही, आणि झाड येणार तुमच्या घराकडे. ‘तरी काही झालं नाही’ हे एका वर्षात ठरत नसतं.

आज करता येण्यासारखी तपासणी सोपी आहे. लाकडी मोगरीनं बुंधा जमिनीपासून चार फुटांपर्यंत चहूबाजूंनी ठोका. भरीव ‘टक्’ आणि पोकळ ‘धब्’ यातला फरक कानाला लगेच कळतो. जाड पेचकस मुळांच्या खाचांत दाबून बघा, बोटभर सहज आत गेला तर तिथं लाकूड उरलेलं नाही. रस्त्याकडच्या जमिनीला बुंध्याभोवती गोलाकार भेग पडली आहे का, माती उचलली गेली आहे का, हेही पाहा. लहानपणापासून कललेलं झाड शेंड्याकडे पुन्हा सरळ वळलेलं असतं. तो कल भिण्यासारखा नाही. नव्यानं आलेला कल आणि त्याच्या पाठीमागे भेग, ही जोडी दिसली तर त्याच दिवशी महापालिकेला कळवा. तोवर मुलांना शाळेच्या रिक्षाची वाट बघत त्याच्याखाली उभं करू नका.

यातलं एकही लक्षण मिळालं तर गुलमोहर काढावा लागेल असंच मला वाटतं. शहरातल्या गुलमोहराला पंचेचाळीस म्हणजे उतारवयच. मात्र झाड आपल्या आवारातलं असलं तरी परस्पर काढता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात झाडाला इजा करणंही ‘तोडणं’ धरलंय, त्यामुळे मोठी छाटणीसुद्धा विचारूनच करायची. अर्जासोबत घरफाळ्याची पावती, झाडाचे चारही बाजूंनी फोटो, छत्र्यांचा जवळून फोटो, आणि गटार ते बुंधा हे अंतर टेप लावून काढलेला फोटो द्या. ‘धोकादायक’ एवढा एकच शब्द लिहिलेल्या अर्जापेक्षा असा अर्ज बघायला माणूस लवकर येतो. झाड निघालं तर ते वरून तुकड्या-तुकड्यानं उतरवायचं, बुडखा आणि जाड मुळ्याही खणून काढायच्या, कारण बुरशी तिथं वर्षानुवर्षं राहते. त्याचा भुसा किंवा ढलप्या आंब्याच्या बुडाशी चुकूनही पसरू नका.

आता आंबा.

तुम्ही धरून चालला आहात की झाडाचं वय झालं म्हणून ते वाळतंय. सत्तर हे आंब्याचं मरायचं वय नव्हे, शंभरी ओलांडलेली आंब्याची झाडं आपल्याकडे चांगली फळतात. शेंड्यांचं वाळणं कधी सुरू झालं ते बघा. मुरूम भरल्यावर वर्ष-दीड वर्षानं. मोठं झाड उशिरा बोलतं. आज दिसणारं दुखणं तीन-चार वर्षांपूर्वीचं असतं, आणि तीन-चार वर्षांपूर्वी तुम्ही त्याचे पाय पुरलेत.

अन्न-पाणी घेणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, कारण त्यांना हवा लागते. किती लांबवर, याचा एक सोपा हिशेब आहे. बुंध्याचा व्यास जितके इंच, तितक्या फुटांचं अंतर चहूबाजूंनी झाडाचं समजायचं. तुमच्या आंब्याचा व्यास साडेबत्तीस इंच येतो, म्हणजे बत्तीस फूट. तुमचं मागचं सगळं अंगण आणि शेजाऱ्यांचं थोडं. एवढ्या जागेवर फूटभर मुरूम दाबून वर ब्लॉक बसवले की हवा आणि पाऊस दोन्ही बंद होतात. पंचगंगेकाठच्या ज्यांनी महापुराचा गाळ तसाच पसरून त्यावर बाग केली, त्यांच्या झाडांचीही हीच गत होते. गाळ खत म्हणून चांगला, पण बुंध्याशी बोटभरसुद्धा नको.

झाड पुरलं गेलंय हे ओळखायची खूण अशी. बुंधा जमिनीत शिरताना घंटेसारखा पसरायला हवा. विजेच्या खांबासारखा सरळ आत गेला असेल तर तो पुरलेला आहे.

काम मिरगाचा पाऊस धरताना काढा. उघडी पडलेली बारीक मुळं उन्हानं वाळत नाहीत. पहिल्या वर्षी बुंध्यापासून सहा फुटांपर्यंतचे ब्लॉक हातानं उचला. त्यातल्या आतल्या तीन फुटांतला मुरूम खुरप्यानं आणि हातानं काढत जा, बुंध्याचा पसरट भाग दिसेपर्यंत. जेसीबी, कुदळ, गवंड्याचा हुशार हेल्पर, कुणालाही जवळ येऊ देऊ नका. उरलेल्या तीन फुटांतला मुरूम पुढच्या पावसाळ्यात काढा, कारण मधल्या काळात झाडानं त्यातही नवी तंतुमुळं सोडलेली असतात, ती एकदम उघडी पडू नयेत. बुंध्याला विळखा घातलेलं बोटाएवढं मूळ धारदार कात्रीनं कापलं तर चालेल. मनगटाएवढ्याला हात लावू नका.

इथं एक चूक हमखास होते. खोदून झालेला फूटभर खड्डा पहिल्याच मोठ्या पावसात तळं होतो आणि आधी पुरलेला बुंधा आता बुडतो. म्हणून एका बाजूनं उतार देऊन पाणी बाहेर काढायची वाट ठेवा आणि कडेला सिमेंटशिवाय नुसते दगड रचा. मातीखालची साल काळी, ओली दिसली तर मऊ ब्रशनं साफ करून उघडी राहू द्या, आपोआप सुकते. पण निम्म्याहून जास्त घेराची साल कुजून सुटत असेल, तर इथपर्यंतचा माझा सल्ला बदलतो. मग आधी जाणकाराला दाखवा.

सहा फुटांच्या पलीकडे मुरूम तसाच ठेवून दोन-दोन फुटांवर एकेक ब्लॉक उचला आणि तिथं पहारीनं दोन इंच रुंद, दीड-दोन फूट खोल भोक घ्या. म्हणजे ते मुरूम पार करून मूळ मातीत पोचेल. पहार मुळाला लागली तर भोक वीतभर बाजूला घ्या. भोकात जाड वाळू आणि नीट कुजलेलं खत निम्मं-निम्मं भरा. उघड्या जागेवर झाडाचाच पालापाचोळा दोन-तीन इंच पसरा, बुंध्यापासून वीतभर लांब. रोज सकाळी तो झाडून जाळायचा आणि मग दुकानातून खताची पिशवी आणायची, ही आपल्याकडची मोठी गंमत आहे. युरियाचं नाव काढू नका. आजारी झाडाला त्यानं नुसती लुसलुशीत पालवी फुटते आणि तुडतुड्यांची मेजवानी होते. पाणी कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी एकदा, बुंध्याशी नव्हे तर पानांच्या घेराच्या कडेला. लोखंडी सळई हातानं फूटभर आत गेली म्हणजे पुरेसं झालं.

ढोलीची भीती जितकी वाटते तितकी खरी नसते. झाड म्हणजे नळी. मधलं लाकूड मेलेलंच असतं, भार बाहेरची भिंत पेलते. क्लाउस मॅथेक या जर्मन अभ्यासकाचा ठोकताळा असा आहे की, शाबूत भिंत त्रिज्येच्या एक तृतीयांश असेल तर नुसत्या पोकळीमुळे झाड मोडण्याची शक्यता कमी. तुमच्या आंब्याची त्रिज्या सोळा इंच, म्हणजे साडेपाच इंच भिंत हवी. ढोलीत वाकवलेली तार घालून आणि बाहेरून मोगरीनं ठोकून अंदाज घ्या. ढोलीचं तोंडच घेराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं रुंद असेल तर हा ठोकताळा लावू नका. सिमेंट भरू नका, ही सूचना विशेषतः घरातल्या पुरुषमंडळींसाठी. झाड वाऱ्यावर हलतं, सिमेंट हलत नाही. दोघांमध्ये फट पडते, पाणी साचतं आणि कुजणं वाढतं. पाणी निघून जावं म्हणून खालून भोक पाडणंही तसंच घातक, त्यानं कूज चांगल्या लाकडात शिरते. भुसा ताजा पडत असेल तर भिरूड आहे. तारेच्या आकड्यानं अळी ओढून काढा आणि भोक चिखलानं लिंपा. संध्याकाळी ढोलीतून पिंगळा डोकावत असेल तर ती जागा त्याची.

आता निम्मा शेंडा मारायची गोष्ट. ती पूर्ण झाड तोडण्यापेक्षा वाईट, कारण तोडल्यावर धोका संपतो, इथं तो पाच वर्षांनी वाढून परत येतो. मोठ्या फांद्या मध्येच तोडल्या की थोटकांवर सालीलगतच्या कळ्यांतून झाडूसारखे फुटवे येतात. त्यांचा सांधा वरवरचा असतो. ते हाताएवढे जाड होईतोवर खालचं थोटूक कुजलेलं असतं, आणि मग वळवात तुकडे पत्र्यावर पडतात. शिवाय सावलीत वाढलेली साल एकदम उन्हात येऊन भाजते. वखारवाल्याबद्दल एवढंच म्हणेन, जो लाकडावर पैसे मिळवतो त्याला झाडाच्या तब्येतीचं मत विचारू नये.

तुमच्या झाडाला हवी ती छाटणी अशी. वाळलेल्या फांद्या आत्ताच, पावसाआधी उतरवा. शेजाऱ्यांच्या पत्र्यावर पडली तीही वाळकीच असणार. हिरवी छाटणी पावसात नको, जखमा ओल्या राहतात. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात, मोहोराआधी करा. यंदा हिरव्या पानोऱ्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ नका. झाड आजारी आहे, पानं हीच त्याची चूल. मधल्या एक-दोन आडव्या-उभ्या फांद्या काढून ऊन आत येऊ द्या. फळ कमी होण्यामागे दाटीही असते, आणि वर्षाआड फळणं हा आंब्याचा स्वभावही आहे.

मनगटापेक्षा जाड फांदी तीन कापांत काढतात. पहिला काप खोडापासून फूटभर अंतरावर, खालून वर, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या दोन इंच पुढे, वरून खाली. फांदी गळून पडते आणि साल खोडापर्यंत सोलली जात नाही. उरलेलं थोटूक तिसऱ्या कापात काढायचं, फांदीच्या बुडाशी जी फुगीर सुरकुतलेली कड असते तिच्या अगदी बाहेरून. जखम झाकणारी साल त्या कडेतूनच वाढते. खोडाला सपाट घासून कापलं तर ती कडच जाते, आणि थोटूक ठेवलं तर तेच कुजतं. करवतच वापरायला सांगा. कुऱ्हाड, कोयता नको, खिळ्यांचे बूट घालून चढणारा तर नकोच. जखमेला ऑइल पेंट किंवा डांबर लावू नका, आत ओल कोंडते. आपल्या दमट हवेत मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावायची पद्धत आहे. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात, वेगवेगळं भिजवून प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा. त्यात लोखंडी पातं बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. पण नीट घेतलेल्या कापाची जागा पेस्ट घेत नाही.

ते वेगळ्या पानांचे झुबके म्हणजे बांडगूळ. नुसतं ओढून काढलं तर पुन्हा येतं, कारण त्याची मुळं फांदीच्या लाकडात असतात. चिकटल्या जागेच्या फूट-दीड फूट खालून फांदीच काढायची. बांडगुळाला फळं धरण्याआधी हे झालेलं बरं, पक्षी त्याच्या बिया दुसऱ्या फांदीवर पुसतात. झाडाला कपडे वाळत घालायची तार असेल तर सोडा. सालीत रुतली असेल तर ओढू नका, दोन्हीकडून कापून तेवढी आत राहू द्या. विजेच्या तारांलगतची कुठलीही फांदी महावितरणला सांगून, लाइन बंद झाल्यावरच.

शेजाऱ्यांना वाळकी फांदी उतरवायची तारीख आणि ऑक्टोबरची छाटणी लेखी द्या. त्यांच्याकडे गेलेल्या लांब आडव्या फांदीचं टोक तीन-चार फुटांनी आखूड करा, म्हणजे तिचा भार बराच उतरतो. तरी भरवसा वाटत नसेल तर खालून लोखंडी टेकू, वर रबराचा जाड तुकडा ठेवून. मुलाला सांगा की २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या झाडाला कायद्यात ‘हेरिटेज ट्री’ म्हणतात, आणि ते तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. एका गाडीसाठी सत्तर रोपं. गाडीची जागा गुलमोहर गेल्यावर फाटकाशीच निघेल.

तीन पावसाळे झाल्यावर आंब्याचा पुन्हा विचार करा. तोवर वाळणं शेंड्यांवर थांबलं आणि जाड फांद्यांतून नवी पालवी आली तर त्यानं मनावर घेतलंय असं समजा. वाळणं खाली सरकत जाड फांद्यांपर्यंत आलं, किंवा त्याच्याही बुडाशी छत्र्या उगवल्या, तर मात्र मी तोडण्याच्या बाजूनं लिहीन, सासूबाई काहीही म्हणोत.

त्यांच्यासाठी एक काम याच जुलै-ऑगस्टात होईल. पायरीची कोय लावून तोच आंबा मिळेल याची खात्री नसते, त्यासाठी कोय कलम बांधा. रायवळ कोया वाफ्यात रुजवा. दहा-पंधरा दिवसांचं रोप, पानं अजून तांब्याच्या रंगाची, असं तीन इंचांवर कापून मधोमध दीड इंच चीर द्या. जुन्या झाडाची तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी, चार-सहा इंच काडी घ्या. तिची पानं आठवडाभर आधी देठ ठेवून छाटलेली असावीत. तिला पाचरीसारखा काप देऊन चिरेत बसवा आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधा. दहा बांधा, सगळी जगत नाहीत. कलमं मातीच्या पिशव्यांत लावून सावलीत ठेवा, आणि पुढच्या मिरगात लावताना सांधा मातीच्या चार बोटं वर राहील असं बघा.